घर, वाचन आणि मेंदू

मूल बोलावयास आपोआप शिकते. वाचावयास मात्र त्याला शिकवावे लागते. असे का व्हावे? मनुष्य हजारो पिढ्यांपासून बोलत आला आहे, परंतु लेखनकला निर्माण होऊन सुमारे पाच हजार वर्षेच झाली आहेत. एवढ्या अल्प काळात वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र भाग तयार होणे शक्य नव्हते. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाचा मेंदू पाहण्याचे आणि भाषा समजण्याचे काम करणारे आपले जुने भाग एकमेकांस जोडतो व त्यांच्याकडून हे नवे काम करवून घेतो. शेतातून रोज ये-जा केल्याने जशी पाऊलवाट पडते, तशी सरावाने ही जोडणी पक्की होत जाते.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ स्टानिस्लास डेहेन व त्यांचे सहकारी यांनी इ. स. २०१० मध्ये पोर्तुगाल व ब्राझील येथील ६३ प्रौढांच्या मेंदूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील काही निरक्षर होते, काही लहानपणी शाळेत शिकलेले होते, तर काही मोठेपणी साक्षर झालेले होते. वाचता येणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूस, मागे व खाली असलेला एक लहानसा भाग अक्षरे दिसताच जागा होत असे. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही हा बदल दिसून आला.

मग मूल ज्या घरात वाढते, त्या घराचा मेंदूशी काही संबंध असतो काय? अमेरिकेतील किंबर्ली नोबल व त्यांचे सहकारी यांनी ३ ते २० वर्षे वयाच्या १,०९९ मुलामुलींच्या मेंदूंची छायाचित्रे तपासली. हे संशोधन इ. स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूचा बाह्य थर सुरकुतलेल्या कापडासारखा घड्यांचा असतो. आईवडिलांचे शिक्षण व घरचे उत्पन्न अधिक असेल, तर ह्या थराचे क्षेत्रफळ सरासरीने अधिक असल्याचे आढळले. भाषा व वाचन यांच्याशी संबंधित भागांत हा फरक विशेष दिसला. सर्वांत गरीब घरांत उत्पन्नातील थोड्याशा फरकाबरोबरही क्षेत्रफळात मोठा फरक दिसून आला. तहानलेल्या रोपाला तांब्याभर पाणी मिळाले, तर त्याचा गुण लगेच दिसतो. भरल्या वाफ्यात तो जाणवत नाही. तसाच हा प्रकार होय.

परंतु ह्या निष्कर्षाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. सरासरी ही समूहाची असते. तीवरून एखाद्या मुलाची बुद्धी जोखता येत नाही. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. पैसा स्वतः मेंदूत शिरत नाही. पुरेसा आहार, शांत झोप, हाताशी असणारी पुस्तके आणि वडील माणसांना मिळणारी सवड ह्या साऱ्या गोष्टी त्याच्या मागोमाग येत असतात.

ह्यांपैकी एक गोष्ट मात्र विनामोल आहे. ती म्हणजे संवाद. रेचेल रोमिओ व त्यांचे सहकारी यांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांचे घरचे बोलणे लहानशा यंत्राने ध्वनिमुद्रित केले. हे संशोधन इ. स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांशी आळीपाळीने अधिक बोलणे होत असे, त्यांच्या मेंदूतील भाषेचा एक भाग गोष्ट ऐकताना अधिक कार्यरत होई. घर श्रीमंत असो वा गरीब, हा संबंध कायम होता. "ढग कुठून येतात?" असे नातवाने विचारावे आणि "तुला काय वाटतं रे?" असे आजीने म्हणावे, ह्यासाठी आजीला अक्षरओळख असलीच पाहिजे असे नाही.

शिकवण्याचाही परिणाम मोठा असतो. वाचनात अडखळणाऱ्या ६ ते ९ वर्षांच्या अमेरिकन मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे कसून वाचन शिकवण्यात आले. इ. स. २०१७ मध्ये ह्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांनाच सारखा लाभ झाला नाही. सुमारे निम्म्या मुलांचे वाचन सुधारले. त्या मुलांच्या मेंदूतील बाह्य थर काही ठिकाणी अधिक जाड झालेला आढळला. विशेष म्हणजे, सुधारणा झालेल्यांत प्रतिकूल परिस्थितीतील मुले अधिक होती!

कोणत्या घरी जन्मावे, हे कोणाही मुलाच्या हाती नसते. घराचा ठसा मेंदूवर उमटतो, पण तो दगडावर कोरलेला लेख नव्हे. म्हणूनच वर्गात अडखळत वाचणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणून हिणवणे जितके क्रूर, तितकेच ते अज्ञानाचे आहे. त्याच्या पाऊलवाटेवर पुरेशी पावले पडलेली नसतात, एवढेच. ज्या घरी पुस्तक नाही, तेथील मुलाला ते ग्रंथालयातून मिळाले पाहिजे. ज्या घरी शिकवणारे कोणी नाही, तेथील मुलाला शाळेने अधिक वेळ दिला पाहिजे. हे त्या मुलावरील उपकार नव्हेत. ते समाजाचे कर्तव्य आहे.