शिकवण्याचे तास आणि कामाचे तास



ज्याचा सारा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर गेला, त्याने परदेशातील इंग्रजी शिक्षकांच्या पगाराविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. म्हणून प्रथम निमित्त सांगतो. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी जपानात एका खासगी भाषावर्गात इंग्रजी शिकवते. सुट्टीत घरी आली असता तिने आपला करारनामा आमच्यापुढे ठेवला. म्हणाली, "काका, यात आठवड्याला पंचवीस तास शिकवायचे असं लिहिलंय. तेवढंच शिकवते. पण घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजतात. ओव्हरटाइम मागितला तर हसतात. म्हणतात, शिक्षकाला कसला आलाय ओव्हरटाइम?"

आम्ही आठवीत शाळा सोडली. जपानी आम्हांला येत नाही. पण हा प्रश्न मात्र ओळखीचा निघाला. पुण्यात जपानी शिकलेली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतील दोघांना शेजारी बसवून आम्ही तेथील कायदा कलमागणिक समजून घेतला. त्यातून जे हाती आले तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. आपल्या घरांतील मुले आता परदेशी नोकरीस जातात, आणि जाताना विमानाचे तिकीट जितके तपासतात तितका करारनामा तपासत नाहीत.

मोजला न गेलेला तास

तरुणपणी आम्ही ठाण्याकडे एका कारखान्यात लेथवर होतो. पाळी सुटल्याची घंटा झाली की मशीन पुसणे, कीस गोळा करणे, हत्यारे मोजून परत करणे यांत रोज वीसएक मिनिटे जात. ती पगारात धरलेली नसत. एके दिवशी आम्ही तिघे मोठ्या आवेशाने साहेबांच्या खोलीत शिरलो. साहेबांनी शांतपणे विचारले, "महिन्याचे किती तास झाले?" आम्ही म्हणालो, "पुष्कळ." साहेब हसले आणि आम्ही खाली मान घालून बाहेर आलो. त्या संध्याकाळी आम्ही एक वही विकत घेतली. युनियनचे पहिले शिक्षण आम्हांला मिळाले ते त्या वहीपासून.

शिक्षकाचेही असेच आहे. वर्गात उभे राहून शिकवणे हा त्याच्या कामाचा दिसणारा भाग. पाठाची तयारी, वह्या तपासणे, विद्यार्थ्यांच्या नोंदी, पालकांच्या भेटी, नवीन विद्यार्थी यावेत म्हणून भरवलेले नमुन्याचे वर्ग, ही सारी त्याची 'मशीन पुसण्याची' कामे होत. करारनाम्यात मोजले जातात ते शिकवण्याचे तास. शरीर झिजते ते कामाच्या तासांनी. सगळा वाद या दोहोंमधील फरकाचा आहे.

कायदा काय सांगतो

जपानचा श्रममानक कायदा १९४७ सालचा. त्याच्या ३२व्या कलमाने दिवसाला आठ व आठवड्याला चाळीस तासांची मर्यादा घातली. त्यापुढे काम घ्यावयाचे तर मालकाने कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार करून तो सरकारी श्रममानक कचेरीत दाखल केला पाहिजे. हे ३६वे कलम. तेथील कामगार त्या कराराला नुसते 'साबुरोकु', म्हणजे 'तीन-सहा', असे म्हणतात. ३७व्या कलमाप्रमाणे जादा तासाला किमान सव्वापट दर द्यावा लागतो, आणि महिन्यात असे साठ तास उलटले तर पुढच्या तासांना दीडपट. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने दुप्पट दर घातला होता. तो मनात धरून तेथे बोलावयास बसू नये.

आणखी दोन कलमे परक्या माणसाने पाठ करावीत. ३रे कलम सांगते की राष्ट्रीयत्व पाहून पगारात वा कामाच्या अटींत भेद करावयाचा नाही. १३वे सांगते की करारातील एखादी अट कायद्याहून हलकी असेल तर तेवढी अट रद्द, आणि तिच्या जागी कायद्याची अट लागू. तेव्हा "सही करून बसलो, आता काय?" हे रडगाणे खरे नव्हे.

मग 'शिक्षकाला ओव्हरटाइम नाही' ही समजूत आली कोठून? जपानात १९७१ साली सरकारी शाळांतील शिक्षकांसाठी एक वेगळा कायदा झाला. त्याने त्यांना ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या चार टक्के ठरावीक रक्कम देऊ केली. ती अपुरी असल्याची ओरड अनेक वर्षे झाली, आणि २०२५ साली कायदा बदलून ती टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर न्यावयाचे ठरले. पण हा कायदा सरकारी शाळांच्या शिक्षकांपुरता. खासगी भाषावर्गातील नोकरदार शिक्षकाला तो लागू नाही. दुसऱ्याची टोपी आपल्या डोक्यावर कोणी घालू लागला तर ती घालून घेऊ नये.

तयारीची मिनिटे कामात धरावयाची की नाही, याचा निकाल लावण्यास शिक्षकांना मदत झाली ती जहाजे बांधणाऱ्या कामगारांची. नागासाकीच्या मित्सुबिशी जहाजकारखान्यातील कामगारांना कामाचे कपडे व संरक्षक साधने चढवण्यास वेळ लागे, आणि तो पगारात धरलेला नसे. २००० सालच्या मार्च महिन्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालकाच्या हुकमतीखाली गेलेला वेळ हा कामाचाच वेळ होय. करारात काय लिहिले आहे यावर ते अवलंबून नाही. आम्हांला हे वाचून आमचा लेथ आठवला. इंग्रजी शिकवणारी पोरगी आणि जहाजावरचा कामगार एकाच धाग्याने बांधलेले आहेत, हे त्या निकालाने दाखवले.

हिशेब कसा मांडावा

आता आकडे घेऊ. समजा, महिना पगार २,५२,००० येन आहे आणि करारात रोजचे सात तास, म्हणजे महिन्याचे सरासरी १४० तास, ठरले आहेत. भागाकार केला की तासाचा दर १,८०० येन निघतो. एखाद्या दिवशी नऊ तास काम झाले. करारापेक्षा दोन तास जादा. पण दोहोंचा भाव सारखा नाही. आठवा तास कराराबाहेरचा असला तरी कायद्याच्या मर्यादेच्या आतला आहे. त्याचे साधे १,८०० येन. नववा तास मर्यादेपलीकडचा. त्याचे सव्वापट, म्हणजे २,२५० येन. दिवसाचे ४,०५० येन झाले. महिन्यात असे दहा दिवस भरले तर ४०,५०० येन होतात.

दोन्ही तासांना सव्वापट मागणारा शिक्षक एका आकड्यात चुकतो, आणि समोरचा त्या एका चुकीवरून सारा अर्ज खोटा ठरवतो. म्हणून जितके न्याय्य तितकेच मागावे, पण ते शेवटच्या येनपर्यंत मागावे.

कित्येक ठिकाणी जादा वर्गाला ठोक रक्कम देतात. समजा, पन्नास मिनिटांच्या वर्गाला १,५०० येन दिले. वरच्या दराने पन्नास मिनिटांचे तेवढेच होतात, म्हणून ते ठीक वाटते. पण त्या वर्गाची तयारी व नोंदी यांची वीस मिनिटे धरली की काम सत्तर मिनिटांचे झाले, आणि साध्या दरानेही २,१०० येन व्हावयास हवेत. कोठे कोठे 'पगारात ओव्हरटाइम धरलेला आहे' असेही लिहिलेले असते. तेव्हा विचारावे, किती तासांचा आणि किती येनचा? मूळ पगार व ओव्हरटाइम निरनिराळे दाखवता येत नसतील तर अशी अट तेथील न्यायालयांत टिकत नाही.

बोलणी

प्रथम वही. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, विश्रांती, आणि जादा वेळात काय केले व कोणी सांगितले, हे रोजच्या रोज लिहावे. कामाच्या वेळेची नोंद ठेवणे ही तेथे मालकाची जबाबदारी आहे, आणि २०१७च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत तसे स्पष्ट म्हटले आहे. तरी आपली वही आपल्याजवळ असावी. तोंडी हुकूम मिळाला तर "आपण सांगितल्याप्रमाणे आज साडेआठपर्यंत थांबते" असा दोन ओळींचा निरोप पाठवावा. 'आम्ही थांबायला सांगितलेच नव्हते' हे वाक्य पुढे येते, त्याला हेच उत्तर.

मग लेखी मागणी. तीत आरोप नको, तक्ता हवा. बदली सुट्टी देऊ केली तर नाकारू नये, पण सुट्टीने मूळ तास फिटला तरी वरचा पाव हिस्सा बहुधा उरतो, हे नम्रपणे सांगावे. घाई करू नये, पण झोपूही नये. २०२० पासून पगाराची थकबाकी तीन वर्षांपर्यंत मागता येते.

परक्या माणसाच्या पोटात खरा गोळा येतो तो व्हिसाचा. 'नोकरी गेली तर देशाबाहेर' ही भीती मालक न बोलता वापरतो. जपानात वास्तव्याचा परवाना माणसाच्या नावाचा असतो, मालकाच्या नव्हे. नोकरी सुटल्यास चौदा दिवसांत कळवावे लागते, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने त्या कामाविना राहिल्यास परवाना रद्द होऊ शकतो. म्हणजे धोका आहे, पण उद्याच विमानात बसवत नाहीत. भीतीलाही मोजमाप असले म्हणजे ती निम्मी होते.

एकटा आणि दोघे

शेवटी आमच्या धंद्याची गोष्ट. जपानच्या राज्यघटनेचे २८वे कलम संघटनेचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देते, आणि सबळ कारणाशिवाय युनियनशी बोलणी नाकारणे कायद्याने गैर आहे. एकट्या शिक्षकाचे पत्र मालक टोपलीत टाकू शकतो. युनियनचे पत्र टाकता येत नाही. ओसाकात १९९१ पासून जनरल युनियन नावाची संघटना आहे, तीत परदेशी शिक्षक मोठ्या प्रमाणात आहेत, आणि एकट्यादुकट्यालाही तीत जाता येते.

त्या मुलीने परत गेल्यावर वही सुरू केली. दोन महिन्यांनी तिच्या दोघी सहशिक्षिकांनीही केली. तिघींच्या वह्या जुळवल्या तेव्हा तयारीचे तास जवळजवळ सारखेच निघाले. संस्थेने रोज अर्धा तास तयारीचा म्हणून पगारात धरावयाचे कबूल केले आहे. मागील बाकीची बोलणी अजून चालू आहेत. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "काका, साहेबांनी विचारलं, किती तास झाले? मी आकडा सांगितला. हसले नाहीत."

आम्ही ज्या खोलीतून खाली मान घालून बाहेर आलो, तिच्यातून ही पोर मान वर करून बाहेर आली. इतके सांगून आपली रजा घेतो.