‘कंबरेखालचा वार’ : मुष्टियुद्धातील एका संज्ञेचा अर्थ आणि मराठीतील वापर

प्रस्तावना

खेळांच्या परिभाषेतून दैनंदिन भाषेत आलेल्या शब्दप्रयोगांची संख्या प्रत्येक भाषेत मोठी असते. मराठीने असे शब्दप्रयोग प्रामुख्याने कुस्तीच्या आखाड्यातून घेतले. शड्डू ठोकणे, चीतपट करणे, अस्मान दाखवणे, डावपेच, धोबीपछाड हे शब्द वापरणाऱ्याने आखाड्याची माती पाहिलेली असतेच असे नाही. इंग्रजीत हेच कार्य मुष्टियुद्धाने केले आहे. त्या परिभाषेतील ‘बिलो द बेल्ट’ ही संज्ञा ‘कंबरेखालचा वार’ या रूपात मराठीत रूढ झाली असून वृत्तपत्रांत, विशेषतः निवडणुकांच्या काळात, ती वारंवार आढळते. मात्र तिच्या वापरात अर्थाची बरीच सरमिसळ दिसते. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा मूळ अर्थ, मराठीतील तिचे रूपांतर आणि तिच्या अचूक वापराचे निकष यांचा विचार केला आहे. निकषांची कसोटी म्हणून महाड तालुक्यातील नाते या गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुख यांच्या सार्वजनिक जीवनातील एक प्रसंग घेतला आहे.

मूळ अर्थ

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातील मुष्टियुद्ध उघड्या मुठींनी खेळले जात असे. जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये तयार केलेल्या नियमांत, खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यास मारू नये आणि त्यास कंबरेखाली पकडू नये, असे बंधन घातले होते. १८३८ च्या लंडन प्राइझ रिंग नियमांनी कंबरपट्ट्याखालील ठोसा नियमबाह्य ठरविला. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि दहा अंकांची गणना रूढ करणारे क्वीन्सबेरी नियम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधुनिक मुष्टियुद्धात कंबरेखाली ठोसा मारणाऱ्यास पंच ताकीद देतात, त्याचे गुण कापतात आणि प्रसंगी त्यास स्पर्धेतून बाद करतात. ज्याला ठोसा बसला त्यास सावरण्यासाठी अवधी देतात.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ठोसा नियमबाह्य ठरतो तो जोरामुळे नव्हे, तर स्थानामुळे. जबड्यावर बसलेला आणि प्रतिस्पर्ध्यास बेशुद्ध करणारा ठोसा पूर्णतः वैध असतो, तर कंबरेखाली बसलेला सौम्य ठोसाही अवैध असतो. जुलै १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे रिडिक बो याच्याविरुद्धच्या लढतीत अँड्र्यू गोलोटा हा गुणांमध्ये आघाडीवर होता. तरीही वारंवार कंबरेखाली ठोसे मारल्यामुळे त्यास बाद ठरविण्यात आले. अधिक बलवान कोण हा प्रश्न तेथे गौण ठरला. इंग्रजी बोलीतही हा शब्दप्रयोग याच अर्थाने वापरला जातो. वादाशी संबंध नसलेल्या गोष्टींचा, उदाहरणार्थ प्रतिपक्षाचे आजारपण, शारीरिक व्यंग, कुटुंबीय किंवा खाजगी दुःख यांचा आधार घेऊन केलेला हल्ला म्हणजे ‘बिलो द बेल्ट’ होय.

मराठीतील रूपांतर

आखाड्याच्या परिभाषेने समृद्ध असलेल्या मराठीला ही संज्ञा बाहेरून का घ्यावी लागली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कुस्तीच्या नियमांतच सापडते. मातीतील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या पायांना हात घालणे निषिद्ध नाही; उलट ‘पट काढणे’ हा मान्यताप्राप्त डाव आहे. कंबरेखाली पकड घेण्यास बंदी आहे ती ग्रीको-रोमन पद्धतीत. आपल्या आखाड्यात कंबर ही वैध आणि अवैध यांतील सीमारेषाच नसल्याने तेथून असा शब्दप्रयोग निर्माण होणे शक्य नव्हते.

तथापि ही कल्पना मराठी मनास सर्वस्वी परकी नव्हती. महाभारताच्या शल्यपर्वातील गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये असा नियम आहे. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारून तो मोडला, तेव्हा बलराम क्रुद्ध झाला आणि श्रीकृष्णाला भीमाच्या प्रतिज्ञेचे स्मरण देऊन त्याची समजूत घालावी लागली. विजय मिळूनही नियमभंगाचा ठपका उरतो, हे या प्रसंगातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या समाजास या संज्ञेचा आशय चटकन उमगणे साहजिक होते. शिवाय ‘कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे’ या वाक्प्रचारात कंबर ही लज्जेची व सभ्यतेची मर्यादा म्हणून पूर्वीपासूनच वावरत होती.

रूपांतराच्या प्रक्रियेत दोन बदल घडले. पहिला बदल म्हणजे ‘पट्टा’ गळून ‘कंबर’ आली. मराठीत पट्टा म्हटल्यावर चामडी पट्टा किंवा दांडपट्टा आठवतो, मर्यादा नव्हे. म्हणून हा बदल योग्यच झाला. दुसरा बदल अधिक अर्थपूर्ण आहे. मुष्टियुद्धातील ‘ठोसा’ जाऊन त्याच्या जागी ‘वार’ आला. ठोसा खेळातला असतो, तर वार शस्त्राचा. ठोशाबरोबर पंच, फेरी आणि नियम गृहीत धरले जातात. वार म्हटल्यावर केवळ जखम डोळ्यांपुढे येते. त्यामुळे मराठी रूपात नियमभंगाचा आशय फिका पडून इजेचा आशय गडद झाला. वापरातील संदिग्धतेचे एक कारण येथे असावे.

जवळच्या वाक्प्रचारांशी तुलना

ही संदिग्धता दूर करण्यासाठी काही समीपवर्ती वाक्प्रचारांपासून या संज्ञेचे वेगळेपण स्पष्ट करावे लागेल. ‘पाठीत खंजीर खुपसणे’ यात विश्वासघात अभिप्रेत असतो. तो आपल्याच माणसाकडून घडतो. कंबरेखालचा वार मात्र समोर उभा असलेला उघड प्रतिस्पर्धी करतो. ‘वर्मावर बोट ठेवणे’ यात दुखणारी जागा गाठली जाते, परंतु ती जागा वादविषयाशी निगडित असू शकते व बोट ठेवणारा सत्यच सांगत असू शकतो. ‘कंबरडे मोडणे’ यात बळाचा नाश सूचित होतो, अन्यायाचा नव्हे. महागाईने सामान्यांचे कंबरडे मोडते, परंतु महागाई कंबरेखाली वार करीत नाही. ‘खालच्या पातळीवर जाणे’ हा प्रयोग अर्थाने सर्वाधिक जवळचा असला, तरी तो बोलणाऱ्याच्या अधःपतनाविषयी सांगतो; आघात कोठे झाला हे सांगत नाही.

यावरून तीन निकष मांडता येतात. दोन्ही पक्षांत काही मान्य मर्यादा असलेला वाद चालू असावा. आघात त्या वादविषयाबाहेरील बाबीवर झालेला असावा. आणि त्या आघातास युक्तिवादाने उत्तर देणे शक्य नसावे. आघाताची तीव्रता हा निकष नाही.

एक कसोटी

नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. १९५२ मध्ये ते त्या वेळच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ जुलै १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. लोकसभेतील निवेदनात त्यांनी, हा निर्णय घेताना मंत्रिमंडळास विश्वासात घेतले नसल्याचा आक्षेप घेतला आणि महाराष्ट्राविषयी आकस असल्याचा आरोपही केला.

हा आघात अत्यंत कठोर होता. आकसाचा आरोप हेतूवर बोट ठेवणारा असल्याने तो सीमेच्या निकट जातो, हेही मान्य करावे लागेल. परंतु त्याचा आधार निर्णयप्रक्रिया आणि शासनाचे आचरण हा होता, व्यक्तीचे खाजगी जीवन नव्हे. तो सभागृहात, उत्तर देण्याची पूर्ण संधी असलेल्या ठिकाणी झाला. त्यामुळे वरील निकषांनुसार तो कंबरेवरचाच ठरतो.

महाविद्यालयीन व्यवहारातील महत्त्व

अध्यापकांच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दार्थापुरता नाही. शोधनिबंधाच्या परीक्षकाने आकडेवारी सदोष आहे असे लिहिले, तर ती टीका कितीही बोचरी असली तरी वैध आहे. लेखक कोणत्या गावातून वा माध्यमातून आला यावर शेरा मारला, तर तो शेरा सौम्य असूनही कंबरेखालचा आहे. महाड-पोलादपूरसारख्या भागातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजीतील चूक दाखविणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे. त्याच्या उच्चारांवरून त्याच्या घराची थट्टा करणे हा नियमभंग आहे. पहिल्या गोष्टीवर विद्यार्थी मेहनत घेऊ शकतो, दुसरीला त्याच्याजवळ उत्तर नसते.

समारोप

‘कंबरेखालचा वार’ ही संज्ञा मराठीत आता परकी राहिलेली नाही. तथापि प्रत्येक झोंबऱ्या टीकेस हे नाव दिल्यास दुहेरी हानी होते. कठोर परंतु न्याय्य टीका अवैध ठरविली जाते, आणि खरोखर मर्यादाभंग झाला असता तो दाखविण्यासाठी समर्थ शब्द उरत नाही. इंग्रजीच्या वर्गात ही संज्ञा शिकविताना तिचा केवळ प्रतिशब्द न देता, ठोसा किती जोराचा होता यापूर्वी तो कोठे बसला हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अधिक उपयुक्त ठरेल.