स्टॉक फुटेज: कॅमेऱ्यापेक्षा कागद मोठा

हौशी आणि व्यावसायिक, दोन्ही प्रकारच्या छायाचित्रणकारांकडे हार्ड डिस्क भरून चित्रीकरण पडून असते: पावसाळ्यातला वरंधा घाट, भातलावणी, दादरचा फूलबाजार. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, पाँड५ यांसारख्या एजन्सींमार्फत त्यातली क्लिप जगभरच्या जाहिरात संस्थांना आणि माहितीपटकारांना विकता येते. या धंद्याबद्दल मात्र अर्धवट माहितीच जास्त फिरते.

क्लिप 'रॉयल्टी-फ्री' विकली की ती फुकट गेली किंवा तिच्यावरचा आपला हक्क गेला, असे अनेकांना वाटते. तसे काही होत नाही. ग्राहक एकदा पैसे भरतो आणि लायसन्सच्या अटींत राहून क्लिप हवी तितक्या वेळा वापरतो. मालकी तुमचीच राहते आणि तीच क्लिप उद्या दुसऱ्या ग्राहकालाही विकली जाऊ शकते. 'एकाच एजन्सीला बांधून घ्यावे लागते' हेही खरे नाही. बहुतेक जण तीच क्लिप तीन-चार ठिकाणी ठेवतात. पाँड५वर व्हिडिओ फक्त त्यांच्याकडेच ठेवणाऱ्याला ६० टक्के आणि इतरत्रही विकणाऱ्याला ४० टक्के वाटा मिळतो. ही पाँड५ २०२२ पासून शटरस्टॉकच्याच मालकीची आहे.

पैशांचा हिशेब लोक दोन्ही टोकांनी चुकवतात. कुणाला वाटते झोपेतही डॉलर येतात, कुणाला वाटते सगळी फसवणूक आहे. अडोबी स्टॉक व्हिडिओसाठी ३५ टक्के वाटा देते. शटरस्टॉकवर २०२० पासून विक्रीच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि दर १ जानेवारीला प्रत्येकजण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. ही पद्धत मला कष्टकऱ्यावर अन्यायाची वाटते, पण ती जाहीर आहे, लपवलेली नाही. शिवाय ग्राहकाने मासिक वर्गणीतून क्लिप घेतली तर वाटा दर्शनी किमतीवर नव्हे, त्याने प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेवर ठरतो. म्हणून मोजक्या क्लिपा टाकून घरखर्चाची आशा धरू नये. विषय निवडून, सातत्याने भर घालणाऱ्याला हे जोडउत्पन्न होऊ शकते.

करांबाबतही घबराट असते. अमेरिकी एजन्सी डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरून घेते. तो नीट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जातो, न भरल्यास ३०. हे उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रातही दाखवायचे असते आणि तिकडे कापलेल्या कराचे क्रेडिट इथे मागता येते.

महागडा कॅमेरा हवाच, हाही गैरसमज. क्लिप नाकारली जाते ती बहुधा हादरे, अंधारातले दाणे, भरकटणारा फोकस यांमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली १/६० शटरवर चित्र लुकलुकते. १/५० किंवा १/१०० ठेवले की प्रश्न मिटतो. इथे खर्च करायचाच तर तो आधी ट्रायपॉडवर करावा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: 'सार्वजनिक जागेत शूट केले, म्हणजे ते विकायला मी मोकळा.' पंढरीच्या वारीत टिपलेला वारकऱ्याचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्याच्या सहीच्या संमतिपत्राशिवाय, म्हणजे मॉडेल रिलीजशिवाय, ती क्लिप जाहिरातीसाठी विकता येत नाही. ती 'एडिटोरियल' म्हणून, म्हणजे बातमी किंवा माहितीपटापुरती जाऊ शकते. तिथे ठिकाण, तारीख आणि घटना अचूक लिहावी लागते आणि दृश्यात फेरफार चालत नाही. दुकानाच्या पाटीवरचे बोधचिन्ह, भिंतीवर दुसऱ्याने काढलेले चित्र, खासगी वाडा या सगळ्यांना हाच प्रश्न लागू होतो. विसर्जन मिरवणुकीच्या क्लिपमागे चित्रपटगीत वाजत असेल तर आवाज काढूनच ती पाठवावी, कारण त्या गाण्याचे हक्क तुमचे नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर किंवा लेण्यांत व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. ड्रोन उडवण्यापूर्वी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते पाहावे.

'क्लिप चांगली असली की ग्राहक शोधत येतो' असे समजू नये. ग्राहक इंग्रजी शब्द टाइप करून शोधतो. शटरस्टॉकवर ५० कीवर्ड देता येतात, पण असंबद्ध शब्द भरून उपयोग नाही. पीक कोणते, ऋतू कोणता, माणूस नेमके काय करतो आहे, हे लिहिलेली क्लिप सापडते. नुसते 'भारत, शेती' लिहिलेली हजारोंत हरवते.

एआय आल्यावर हा बाजार बुडाला, असेही ऐकू येते. बदल मोठा आहे हे खरे. शटरस्टॉक आपला साठा एआय प्रशिक्षणासाठी देते, त्याचा मोबदला देते आणि त्यातून बाहेर राहण्याची सोयही देते. मात्र अमुक गावची अमुक दिवसाची खरी नोंद यंत्राला घडवता येत नाही आणि माहितीपटाला तीच लागते.

संमतिपत्राचे नमुने एजन्सींच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पण खाचरात लावणी करणाऱ्या बाईंसमोर इंग्रजी कागद धरून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. आपला चेहरा उद्या परदेशातल्या एखाद्या खताच्या जाहिरातीतही दिसू शकतो आणि त्या विक्रीचे पैसे चित्रण करणाऱ्याला मिळतील, हे त्यांना मराठीत, सावकाश समजावून सांगा. मूल असेल तर पालकांना सांगा आणि सही त्यांचीच घ्या. शक्य असेल तिथे मोबदलाही द्या. त्या नको म्हणाल्या, तर कॅमेरा खाली ठेवा.