एकच घुमट, दोन धक्के

व्हॅन डी ग्राफ जनित्राच्या घुमटाला हात लावला की केस उभे राहतात, हा गमतीचा प्रयोग आपण विज्ञान केंद्रात पाहिला असेल. याच जातीचे, पण ५५ लाख व्होल्टचे यंत्र १९६०च्या दशकात ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात बसवले गेले. पुढे त्याच्याच जागी ६० लाख व्होल्टचा ‘घडीचा’ वेगवर्धक उभा राहिला. २००० साली त्यातून पहिला झोत मिळाला. विभव वाढले जेमतेम पाच लाखांनी, मग एवढा खटाटोप कशासाठी?

दोन अणुकेंद्रके धनप्रभारी असल्याने एकमेकांना दूर लोटतात. हा विरोध त्यांच्या प्रभारांच्या गुणाकारावर ठरतो. प्रोटॉन व कार्बनसाठी तो गुणाकार ६, कार्बन व कार्बनसाठी ३६! जुन्या यंत्रात आयन घुमटातच तयार होऊन एकदाच बाहेर ढकलला जाई. एकेरी प्रभाराच्या कार्बनला मिळत ५५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोन कार्बन केंद्रके भिडवायला हे पुरत नाही.

आता युक्ती पाहा. सुरुवात जमिनीवर, ऋण आयनापासून करायची. कार्बनच्या अणूला एक इलेक्ट्रॉन जादा चिकटवला की धन घुमट त्याला ओढून घेतो. ६० लाखांची कमाई झाली. घुमटात तो केसाहून हजारपटींनी पातळ अशा कार्बनच्या पापुद्र्यातून जातो आणि त्याचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात. समजा +४ प्रभार उरला. आता तोच घुमट त्याला दूर लोटतो व आणखी २४० लाख देतो. एकूण ३०० लाख! (प्रोटॉनला किती मिळतील, ते विद्यार्थ्यांना काढू द्या.)

पण बाहेर पडायला घुमटापलीकडे दुसरी नळी हवी, म्हणजे यंत्राची लांबी दुप्पट. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातला १४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन असा सरळ, उभा आहे. ट्रॉम्बेला घुमटातच चुंबक ठेवून आयनाला १८० अंशांत वळवले आणि पहिल्या नळीशेजारच्या नळीतून परत खाली आणले.

जागा वाचली, पण फुकट नाही. वरील कार्बन आयन एक टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ३० सेंटिमीटर त्रिज्येत वळतो. तेवढ्याच ऊर्जेच्या +८ प्रभाराच्या सोन्याला साधारण ६० सेंटिमीटर लागतील. एवढे वळण घुमटात कोठे मावणार? म्हणून या यंत्रात वस्तुमानांक साधारण ४० पर्यंतचेच आयन वापरतात. माझ्या मते हा सौदा वाईट नाही. हलक्या केंद्रकांतच पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

शिवाय चुंबकाला वीज लागते. जमिनीवरून तार नेली तर घुमटाचा सारा प्रभार तिच्यातूनच वाहून जाईल. म्हणून अशा यंत्रांत तळाशी मोटार बसवून विद्युतरोधक पदार्थाचा लांब दांडा फिरवतात आणि त्यावर घुमटातले छोटे जनित्र चालते.