मिटलं खरं, पण समाधान?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यभर सुरू झाली. जुन्नर-आंबेगावातही बांध कोरल्याची, पाणी अडवल्याची भांडणं तंटामुक्ती समितीने गावातच मिटवायची, असा हेतू. बक्षिसासाठी मिटलेले तंटे मोजले जात. ज्याचा बांध गेला, त्याचं समाधान मोजायचं तर त्यालाच विचारायला हवं. तेही एकट्याला, सरपंचांसमोर नव्हे. चारचौघांत मान डोलावणं म्हणजे समाधान नव्हे!

असं विचारून पाहिलंही गेलंय. ब्रिटनमध्ये 2007 च्या शॅपलँड अभ्यासात गुन्हेगारासोबतच्या समोरासमोरच्या बैठकीला आलेल्या पीडितांपैकी 85 टक्के समाधानी होते. न आलेले अर्थात त्यात नाहीत.

कायद्याचंही तेच म्हणणं: साध्या मारहाणीच्या खटल्यात तडजोडीचा हक्क त्याने मार खाल्लेल्याला दिलाय, समितीला नाही.