दहा फोटो ठेवले, बाकीचे जाळले



मागच्या महिन्यात गटाचे केवायसीचे फॉर्म भरत बसले होते. एका ताईंचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि पासबुकात तिसरंच. माहेरचं आडनाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, आणि लग्नात बदललेलं नाव आणखी तिसरीकडे. त्या हसून म्हणाल्या, "यातली मी कुठली, ते तूच ठरव गं बाई." तेव्हा मला नुकतंच वाचलेलं एक पुस्तक आठवलं. त्यातल्या आईपुढेही असाच एक फॉर्म येतो. फक्त तिथे अडलेलं असतं ते धर्माच्या रकान्यापाशी.

पुस्तकाचं नाव 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन', लेखिका थान्हा लाई. २०११ साली आलेली ही कादंबरी लहान लहान कवितांमधून सांगितलेली आहे. माझं इंग्रजी बी.ए.पुरतंच, पण ओळी छोट्या, त्यामुळे निभावलं.

गोष्ट आहे व्हिएतनाममधल्या सायगावची. उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये वर्षानुवर्षं युद्ध चाललेलं. ३० एप्रिल १९७५ला उत्तरेच्या फौजा सायगावात शिरल्या आणि दक्षिणेचं सरकार पडलं. ज्यांच्या घरातलं कुणी त्या सरकारात किंवा सैन्यात होतं, त्यांना आता आपलं काय होणार याची धास्ती. काही जण तेव्हाच जहाजांनी निघाले. पुढची वीस वर्षं माणसं लहान होड्यांतूनसुद्धा निघतच राहिली. जवळपास आठ लाख माणसं अशी होडीतून दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागली. बुडाली किती, त्याची मोजदाद कुणाकडेच नाही.

कादंबरीतली हा ही दहा वर्षांची मुलगी. तिच्या नववर्षाला, म्हणजे तेतला, पहाटे घरात पहिलं पाऊल पुरुषाचं पडावं असा रिवाज. ही बया सगळ्यांच्या आधी उठून गुपचूप आपला अंगठा जमिनीला टेकवते! मला तर ती तिथेच आवडली. तिचे वडील नौदलात होते. ती वर्षाची असताना मोहिमेवर गेले ते परतलेच नाहीत. आई चार मुलांना घेऊन एकटीच संसार ओढते.

निघायची वेळ येते तेव्हा आई घरातले फोटो काढून बसते. दहा निवडते आणि बाकीचे जाळून टाकते. का? वडील कुठे जिवंत असलेच, तर ते फोटो नव्या राज्यकर्त्यांच्या हाती पडून त्यांनाच घातक ठरायला नकोत. मैत्रिणींनो, हे पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नवऱ्याला वाचवण्यासाठी त्याच्याच खुणा चुलीत घालायच्या.

आणि मग तो फॉर्म. अमेरिकेतल्या छावणीतून बाहेर पडायचं तर तिथलं कुणीतरी कुटुंबाची जबाबदारी घ्यायला हवी. आईच्या ध्यानात येतं की घरं ख्रिश्चन कुटुंबांना लवकर मिळतात. ती बौद्ध. पण रकान्यात ती 'ख्रिश्चन' लिहून मोकळी होते. पुढे अलाबामात चर्चमध्ये सगळ्यांचा बाप्तिस्माही होतो आणि घरात आईचं मंत्रपठणही चालू राहतं. काही जण याला लबाडी म्हणतील. मी नाही म्हणणार. फॉर्म भरणाऱ्या बाईला काय काय सोडावं लागतं ते मी रोज बघते.

लेखिका स्वतः दहा वर्षांची असताना अशीच सायगावहून अलाबामात आली. मग तिने सरळ आत्मचरित्र का लिहिलं नाही? मला वाटतं, दहा वर्षांच्या पोरीला सगळं कुठे आठवतं? आणि ज्यांना आठवतं त्या आया बोलत नाहीत. फोटो तर जळालेले. मग त्या मोकळ्या जागा कल्पनेनेच भराव्या लागतात. मात्र साल, शहर, युद्ध हे खरंच ठेवायचं. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजेरजवाडे असंच आपल्याला वाटतं, पण हीसुद्धा तीच.

आणखी एक गुंता बघा. व्हिएतनामी घरांत गेलेल्या माणसाची पुण्यतिथी चांद्र पंचांगाने पाळतात. फोटोपुढे त्याच्या आवडीचं रांधून ठेवतात, आपल्या श्राद्धासारखंच. पण बेपत्ता माणसाची तिथी कोणती? कादंबरीतली आई कितीतरी वर्षं नवऱ्याला ना जिवंतांत धरू शकत, ना गेलेल्यांत. शेवटी तिची एक अंगठी हरवते. तोच ती कौल मानते आणि मुलांना सांगते, वडील गेले. कुठलाही कागद हाती नसताना हा निर्णय तिने एकटीने घेतलेला असतो.

त्यांच्या भाषेचं तर मला फार नवल वाटलं. घरात बोलताना साधं 'मी' आणि 'तू' जवळजवळ नाहीच. आईशी बोलणारं मूल स्वतःला 'लेकरू' म्हणतं. ताई, दादा, काका अशी नात्यांवरूनच वाक्यं होतात. वडिलांच्या आईला 'आतली' आजी आणि आईच्या आईला 'बाहेरची' आजी म्हणतात. (बघा, बाहेरची तिथेही आईकडचीच!) पण लग्नानंतर बाईचं नाव मात्र बदलत नाही. ते जन्माचं तेच राहतं. परदेशात गेल्यावर मुलं 'आय' आणि 'यू' शिकतात, आणि प्रत्येक वाक्यात असलेलं नातं हळूहळू सुटत जातं. हाच्या नावाला तर शाळेतली पोरं 'हा हा हा' करून हसतात.

अशा आणखीही कादंबऱ्या आहेत. किम थुई दहा वर्षांची असताना होडीतून निघाली, मलेशियातल्या छावणीत राहिली आणि कॅनडात वाढली. तिने २००९ साली फ्रेंचमध्ये 'रु' लिहिली. फ्रेंचमध्ये 'रु' म्हणजे छोटा ओहोळ आणि व्हिएतनामीत अंगाई. न्गुयेन फान क्वे माईंच्या 'द माउंटन्स सिंग'मधली आजी तर देश सोडतच नाही. गावातल्या जमीनवाटपाच्या वेळी मुलांना घेऊन पळते आणि वाटेत एकेकाला कुठे कुठे ठेवत हनोईला पोचते. आपल्याच देशातली निर्वासित. हे सगळं ती नंतर नातीला सांगते. ती सांगते म्हणून तर कादंबरी होते.

'हा'चं पुस्तक माझ्याकडे आहे. मासिक बैठकीनंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा, एकेक कविता मी मराठीत सांगत जाईन. तीन नावांच्या त्या ताईंनी आधीच जागा धरली आहे.