मेमरी कमी पडते तेव्हा: आधी मर्यादा ओळखा

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मोठे सिम्युलेशन चालवताना ‘आउट ऑफ मेमरी’ हा संदेश अनेकांना दिसतो. लगेच मनात येते, जास्त रॅम बसवावी. पण ८ जीबी रॅमपैकी निम्मी मोकळी असतानाही हा संदेश येऊ शकतो. कारण मर्यादा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. खर्च करण्यापूर्वी निदान करायला शिका.

१. पत्त्यांची मर्यादा

मेमरीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. त्यालाच पत्ता म्हणतात. ३२-बिट प्रोग्रामला २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते लिहिता येतात. हे झाले ४ जीबी. त्यातही ३२-बिट विंडोज साधारणपणे २ जीबी स्वतःच्या कर्नलसाठी राखून ठेवते. प्रोग्रामच्या वाट्याला उरतात २ जीबी. रॅम वाढवली तरी हा आकडा बदलत नाही. चाळीत नव्या खोल्या बांधल्या, पण पोस्टमनच्या यादीत त्यांचे क्रमांकच नाहीत, असा हा प्रकार आहे.

आणखी एक अडचण लक्षात घ्या. ॲरेला सलग पत्ते लागतात. एकूण १ जीबी पत्ते मोकळे असले, पण ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेले असतील, तर ७०० एमबीचा ॲरेसुद्धा मिळेलच असे नाही.

उपाय:
• ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रोग्रामचीही ६४-बिट आवृत्ती वापरा. दोन्ही ६४-बिट हवेत.
• प्रोग्राम फक्त ३२-बिटमध्येच मिळत असेल, तर तो ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ पर्यायासह लिंक केलेला आहे का ते पाहा. असा प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर पूर्ण ४ जीबी वापरू शकतो.

२. रॅमची मर्यादा

६४-बिट प्रोग्रामला पत्ते भरपूर असतात. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम काही पाने डिस्कवर हलवते. प्रोग्राम बंद पडत नाही, पण रखडतो. रॅममधून वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून सुमारे १०० मायक्रोसेकंद, तर हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे अनुक्रमे हजार पट आणि लाख पट फरक. डिस्क सतत व्यस्त आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसला, तर दुखणे हेच. पेज फाइल मोठी केल्याने काम तुटणे टळेल, पण वेग येणार नाही. येथे रॅम वाढवणे खरोखर उपयोगी पडते.

३. गरजच कमी करा

समजा, उष्णतावहनाच्या त्रिमितीय जाळीत २०,००० बिंदू आहेत. २०,००० × २०,००० चा मॅट्रिक्स म्हणजे ४० कोटी संख्या. प्रत्येकी ८ बाइट धरले तर ३२० कोटी बाइट, सुमारे ३ जीबी. सिंगल प्रिसिजन वापरल्यास जागा निम्मी होते, पण अचूकता सुमारे १६ अंकांवरून ७ अंकांवर येते.

आता नीट पाहा. प्रत्येक बिंदूचा संबंध स्वतःशी आणि जास्तीत जास्त सहा शेजाऱ्यांशी आहे. म्हणजे एका ओळीत शून्येतर संख्या फार तर सात. एकूण १,४०,००० संख्या. प्रत्येकीसाठी ८ बाइट आणि तिच्या स्तंभक्रमांकासाठी ४ बाइट धरले, तर १६,८०,००० बाइट होतात. ओळींच्या सुरुवातीची यादी धरूनही सगळे २ एमबीच्या आत बसते! यालाच स्पार्स मॅट्रिक्स म्हणतात. मात्र थेट निरसन पद्धतीत शून्यांच्या जागी नव्या संख्या भरत जातात. म्हणून मोठ्या जाळीसाठी कॉन्ज्युगेट ग्रेडियंटसारखी पुनरावर्ती पद्धत निवडा.

डेटा फाइलच मोठी असेल, तर ती एकदम न वाचता तुकड्यांत वाचा.

थोडक्यात क्रम असा: प्रोग्राम किती बिटचा आहे ते पाहा, रॅम खरोखर भरते का ते तपासा, डेटाची मांडणी सुधारा, आणि मगच खरेदीचा विचार करा.

सराव: जाळीत ५०,००० बिंदू असतील, तर पूर्ण आणि स्पार्स मॅट्रिक्सला प्रत्येकी किती जागा लागेल? ८ जीबी रॅमच्या संगणकावर कोणता मावेल?